बाळ गप्प का आहे?

आमच्या आजीला एक सवय आहे. घरातलं लहान मूल जरा जास्त वेळ झोपलं की ती भिंतीला धरत धरत उठते, पाळण्याशी किंवा गादीशी जाते आणि त्याच्या नाकाखाली आपलं बोट आडवं धरते. श्वास लागला की परत येऊन बसते. माझ्या लहानपणी मला ही म्हाताऱ्या माणसांची एक खोड वाटायची, पाणी गाळून पिण्यासारखी. मनू झाल्यावर बायको पहिल्यांदा वैतागली, मग घाबरली, मग तिलाही सवय झाली. आजी आता चौऱ्याऐंशीची आहे आणि मनू अडीच वर्षांची. बोट अजून चालू आहे.

हा लेख त्या बोटाबद्दल आहे. पण सुरुवात एका रविवारच्या राणीबागेपासून करतो, कारण मला ते तिथे जाताना कळलं.

बायको ठाण्याला नर्स आहे. त्या रविवारी तिची ड्यूटी होती. मनूला मोबाइलवर पेंग्विन दाखवून मीच चूक केली होती. मग आठवडाभर घरात 'पेंगीन पेंगीन' चाललं होतं. आंबिवलीत राहणाऱ्याला लहान मुलाला घेऊन कुठं जायचं हा प्रश्न तसा सोपा नाही. टिटवाळ्याचा गणपती एका स्टेशनावर आहे, तो होऊन जातो. आपलं जैवविविधता उद्यान आहे, पण तिथं पेंग्विन नाहीत. भायखळा म्हणजे दीड तासाचा प्रवास, आणि रविवार म्हटलं की मेगाब्लॉक. म्हणून सकाळी लवकर निघालो. पिशवीत डायपर, दोन फ्रॉक, केळी, बिस्किटं, पाण्याची बाटली. पाच वर्षांखाली तिकीट लागत नाही, ही रेल्वेची एकमेव माया.

आसनगाववरून येणारी गाडी मिळाली. खिडकीही मिळाली. शहाडपर्यंत मनू राणी होती. कल्याणला गर्दी चढली, खिडकीसमोर माणसं आली, आणि डोंबिवली यायच्या आत तिनं असा काही सूर लावला की पलीकडच्या डब्यातल्यांनाही कळावं. केळं फेकलं. बिस्किट फेकलं. माझी चप्पल काढून फेकायचा प्रयत्न केला. शेवटी मी जे केलं ते तुम्हीही केलं असतं. फोन काढला, कार्टून लावलं आणि तिच्या हातात दिला. बटण दाबल्यासारखी गप्प.

समोरच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "आत्तापासून मोबाइल? डोळे जातात हो पोरांचे." शेजारच्या काकांनी मान हलवली. पाच मिनिटांपूर्वी रडण्यानं कपाळाला आठ्या घालणारी हीच मंडळी होती. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंही, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त नको. आम्हाला माहीत आहे. आमच्या पिढीतल्या प्रत्येक आईबापाला माहीत आहे.

तेवढ्यात आजीचा फोन आला, म्हणजे कार्टूनच्या मध्येच तिचं नाव आलं आणि मनूनं भोकाड पसरलं. मी घाईघाईनं सांगितलं की गाडीत आहे, मनू मोबाइल बघत गप्प बसली होती. आजी म्हणाली, "गप्प होती? मोबाइल नं गप्प करता येतं होय. बरं आहे बाई. आमच्या वेळी गोळी होती."

कुठली गोळी, हे मी विचारेपर्यंत रेंज गेली. पुढचं सगळं त्या संध्याकाळी आणि नंतरच्या बऱ्याच संध्याकाळी मिळून कळलं. काही आजीकडून, काही पुस्तकांतून.

गोळीचं नाव बाळागोळी. बाळगुटी वेगळी, गोंधळ करू नका. बाळगुटी म्हणजे सहाणेवर उगाळलेली मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ वगैरे. बाळागोळीत अफू असायची. मोहरीएवढी किंवा थोडी मोठी. आईच्या दुधात किंवा पाण्यात विरघळवून सकाळी बाळाला चाटवली की बाळ संध्याकाळपर्यंत झोपून राही.

ती कोण देत होतं? गिरणगावातल्या बाया देत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांमागे एक बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात. दिवसाचे दहा तास उभं राहून काम. मागे चाळीच्या खोलीत तान्हं मूल. खेड्यात सासू, जाऊ, नणंद असते, इथं दहा बाय दहाच्या खोलीत नवरा-बायको दोघंही भोंग्याला बाहेर पडणार. शेजारीण बघेल, पण तिचीही चार. मग गोळी.

१९२२ साली मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स या बाईंकडून कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करून घेतली. त्यांच्या अहवालातला एक आकडा नंतर अनेक जणांनी उद्धृत केला: गिरण्या-कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. अठ्ठ्याण्णव. म्हणजे अपवादानं नाही, दुष्टपणानं नाही. जसं आज डायपर लावतात तशी.

अफूनं मूल मरतं ते दर वेळी एकदम मरत नाही. जास्त झाली तर श्वास मंदावत मंदावत थांबतो, ते वेगळं. पण बहुतेक वेळा गोष्ट सावकाश घडते. अफूनं भूक मरते. भूक मेली की बाळ रडत नाही. रडत नाही म्हणून कोणी पाजत नाही. आई संध्याकाळी येते, बाळ गुंगीत असतं, नीट ओढत नाही. पोट साफ होत नाही. महिनाभरात बाळ वाळतं, मग पहिला पावसाळा आणि पहिला ताप त्याला घेऊन जातो. मृत्यूच्या दाखल्यावर अफू कुठंच येत नाही. तिथं 'अशक्तपणा' नाहीतर 'आकडी' लिहिलेलं असतं.

त्या काळच्या मुंबईतल्या बालमृत्यूचे आकडे वाचताना हात थांबतो. १९२१ साली एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत, नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे आठशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, हेही सांगायला हवं. बऱ्याच बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर माहेरी जात. जन्म गावाकडं, मृत्यू मुंबईत. शिवाय जन्माची नोंद करायला कोण जातंय? म्हणजे भागाकारातला खालचा आकडाच लहान. पण कितीही सूट दिली तरी जे उरतं ते भयंकर आहे.

आणि हे फक्त आपल्याकडचं अडाणीपण होतं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं इंग्लंडकडं पाहावं. तिथल्या कापडगिरण्यांच्या गावांत एकोणिसाव्या शतकात 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं अफूचं सरबत दुकानात उघड मिळायचं, याच कामासाठी. अमेरिकेत 'मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप' होतं, त्यात मॉर्फिन. त्याच्या जाहिरातीत गुटगुटीत बाळं आणि हसऱ्या आया असायच्या. जिथं बाई यंत्रावर गेली आणि घरी दुसरे हात नव्हते, तिथं तिथं ही गोळी किंवा हे सरबत पोचलेलं दिसतं. हवामान, धर्म, भाषा काहीही असो.

आता आजी.

आजीचे वडील साच्यावर होते आणि आई वाइंडिंगमध्ये. लालबागची चाळ. आजी सहा वर्षांची असताना तिला भाऊ झाला. त्याचं नाव ठेवलं होतं, पण ती ते उच्चारत नाही, 'बाळ' म्हणते. आई कामावर परत गेली तेव्हा बाळाला सांभाळायला आजी होती. सहा वर्षांची मुलगी, कडेवर बाळ. शाळेत नाव घातलेलं होतं, ते तसंच राहिलं. सकाळी आई गोळी देऊन जायची. ती चाळीतल्याच एका बाईकडून मिळायची. "मला खेळायला जायचं असायचं," आजी म्हणाली. "बाळ झोपलं की मला बरं वाटायचं."

एक दिवस ते दुपारभर झोपलं. आजी गॅलरीत सागरगोटे खेळत होती. संध्याकाळी आई आली.

एवढंच तिनं सांगितलं. मी विचारलं, गोळीनंच गेलं का? ती म्हणाली, "कोण सांगणार? ताप पण होता दोन दिवस." मग बराच वेळ थांबून, "पण मी बघायला हवं होतं ना."

अठ्ठ्याहत्तर वर्षं ती बघते आहे.

मी इतिहास शिकलेला माणूस नाही, पण या विषयावर जे मिळालं ते वाचत गेलो तसा एका गोष्टीचा राग येत गेला. अफूबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांचा रोख आईवर असतो. अज्ञानी आया, निष्काळजी आया, दाया, अंधश्रद्धा. त्यांना समजावलं पाहिजे, व्याख्यानं दिली पाहिजेत, बाळ सप्ताह भरवले पाहिजेत. आजीच्या आईला काय गोळी वाईट हे माहीत नव्हतं? तिला माहीत होतं. तिच्याजवळ ज्ञान कमी नव्हतं, हात कमी होते. गाडीतल्या त्या बाईंच्या वाक्यातही मला तेच ऐकू आलं. मोबाइल आणि अफू एक नव्हे, ते म्हणणं वेडेपणाचं होईल. मोबाइलनं कुणाचा श्वास थांबत नाही. पण मूल गप्प बसवायची वस्तू बदलली तरी शहाणपण कुणाला शिकवायचं ते बदललेलं नाही.

व्यवस्थेकडं बोट दाखवणारी माणसं थोडी होती, पण होती. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारं भाषण केलं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की, बाळंतपणाच्या आधी-नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे; हा भार खरं तर मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा, पण बाईच्या कामाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. आज बायकोला मिळालेली सव्वीस आठवड्यांची रजा, जी २०१७ च्या दुरुस्तीनं आली, तिचं मूळ तिथं आहे.

पण त्या कायद्यात आठवडे मोजलेले होते. आठवडे संपले की काय? तान्हं मूल रांगायला लागतं, मग धावायला, आणि कामगार आयांची खरी पंचाईत तिथं सुरू होते. काही गिरण्यांनी पाळणाघरं काढली होती. १९३१ साली शाही कामगार आयोगानं ती वाढवायची शिफारस केली. शेवटी स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात स्पष्ट कलम आलं: पन्नासहून जास्त स्त्रिया कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवंच. १९७६ मध्ये पन्नासचे तीस झाले. आजीच्या भावाला उशीर झाला होता. आणि कायद्यात आकडा घातला की त्या आकड्याच्या खाली राहायची युक्ती काढणारेही असतातच. मुंबईच्या गिरण्यांत तर बायकांचं प्रमाणच पुढच्या दशकांत घसरत गेलं. पाळणाघर आलं तोवर पाळण्यातल्या बाळाची आई कामावर राहिली नव्हती.

आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट मात्र मला फार आवडली. ताराबाई मोडकांचं नाव शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं, तसंच मीही वाचलेलं. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेली ही बाई, शहरी मध्यमवर्गाच्या बालमंदिरात नाव कमावलेली, १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आली. सोबत अनुताई वाघ. पुढं १९५७ पासून दोघी कोसबाडच्या टेकडीवर. (आता तो भाग पालघर जिल्ह्यात, २०१४ पासून.) आदिवासी पाड्यांवर बालवाडी काढली तर मुलं येईनात. कारण मोठ्या मुली घरी लहान भावंडं सांभाळत आणि मोठी मुलं गुरं राखत. दोघींनी काय केलं? पोरांना पाठवा म्हणून आईबापांना व्याख्यानं देत बसल्या नाहीत. शाळेच्या अंगालाच पाळणाघर जोडलं: ताई वर्गात, कडेवरचं बाळ शेजारच्या खोलीत. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी, त्याला नाव दिलं विकासवाडी. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. गुरं चारायला जातात तर कुरणात भरवायची, ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं देशभरात ३३ ठिकाणी प्रयोग म्हणून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. आता देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात तो चालतो.

हे मी आजीला सांगितलं. सहा वर्षांची मुलगी, कडेवर बाळ आणि दोघांनाही घेणारी शाळा. ती ऐकत होती. मग म्हणाली, "लालबागला का नाही काढली?" याला माझ्याकडं उत्तर नाही.

त्या रविवारी आम्ही भायखळ्याला उतरलो. दादरनंतर गाडी परळ, करी रोड, चिंचपोकळी न थांबता मागे टाकते. टॉवरांच्या मधून एखादी चिमणी दिसते, जाते. तेव्हा मला गोळीबद्दल काही माहीत नव्हतं. मी मनूला 'बघ केवढी बिल्डिंग' दाखवत होतो.

राणीबाग उघडली १९ नोव्हेंबर १८६२ ला, गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते. गिरणगावच्या उंबऱ्यावर एवढी मोठी मोकळी जागा दुसरी नव्हती. पण मोकळी जागा असून भागत नाही, मोकळा दिवस लागतो. तो मिळायला आणखी अठ्ठावीस वर्षं गेली. नारायण मेघाजी लोखंडे, आपल्या ठाण्याचे, यांनी कामगारांच्या सभा घेऊन, अर्जांवर सह्या घेऊन मागणी लावून धरली आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या प्लेगच्या साथीत गेले. रविवारी लेकराला खांद्यावर बसवून हत्ती दाखवायला नेणारा जो बाप आपल्याला जगाच्या सुरुवातीपासून असेल असं वाटतं, तो इतक्या अलीकडचा आहे.

आजी सांगते, त्यांना वडील वर्षातून एकदा राणीबागेत नेत. बाळ गेल्यावर त्या वर्षी नेलं नाही.

पेंग्विन मनूला आवडले का? २०१६ साली दक्षिण कोरियाहून आणलेले हंबोल्ट पेंग्विन, त्यांच्यासाठी थंड केलेली काच, बाहेर रांग. मनूनं दहा सेकंद पाहिलं आणि 'चला' म्हणाली. आठवडाभराचा ध्यास दहा सेकंदांत संपला. तिला आवडला तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेरचा दगडी हत्ती. घारापुरीचा हा हत्ती. एकोणिसाव्या शतकात त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, उचलताना तो तुटला. तुकडे इथं आले आणि १९१४ साली जोडून उभे केले. सांधे अजून दिसतात. मनूनं त्याच्याकडं बोट दाखवून विचारलं, "बाऊ झाला?" मी म्हटलं, झाला होता. ती त्याला फुंकर घालत बसली. अर्धा तास. तिथून हलायलाच तयार नाही. माझा मोबाइल पूर्ण वेळ खिशात होता, हे मी नंतर बायकोला अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, तुझ्याकडं अर्धा तास होता म्हणून.

बरोबर होतं तिचं. सोमवार ते शनिवार मनू आमच्या आळीतल्या काकूंच्या पाळणाघरात असते. सात मुलं, दोन खोल्या, काकू आणि त्यांची सून. काकूंकडं टीव्ही लागतो, दुपारी एक ते दोन, मुलं जेवतात तेव्हा. मला आधी ते खटकायचं. आता मी काकूंना महिन्याचे पैसे वेळेवर देतो आणि दिवाळीला साडी. त्यांना एक मदतनीस ठेवायची आहे, तर आम्ही पाच घरांनी मिळून थोडे जास्त द्यायचं ठरवतोय. दोन घरं अजून तयार नाहीत.

परतीची गाडी मेगाब्लॉकनं उशिरा आली आणि भरून आली. ठाण्याला बसायला मिळालं. बसल्या बसल्या मनू माझ्या छातीवर झोपली, तोंड उघडं, लाळ शर्टावर. समोर कुणीतरी मोबाइलवर क्रिकेट मोठ्यानं लावलं होतं, तरी उठली नाही. कल्याण गेलं. फोन वाजला.

"पोचलात का?" आजी.

"शहाड येतंय. मनू झोपलीय."

"कधीपासून?"

"ठाण्यापासून."

ती गप्प झाली. गर्दीचा आवाज, क्रिकेटचा आवाज. मग म्हणाली, "उठव तिला."

"दमलीय गं. आता दोन स्टेशनं राहिली."

"आत्ता उठव."

मी मनूच्या पाठीवर थोपटलं, मग जरा हलवलं. तिनं डोळे उघडले, अनोळखी माणसं पाहिली, आणि सकाळपेक्षाही वरच्या पट्टीत सूर लावला. अख्खा डबा वळून बघायला लागला. मी फोन कानाला धरून तिला सावरत होतो.

"असू दे, असू दे," आजी म्हणत होती, "रडू दे."